साठच्या पुढची थरथर

कोराडी रोडवरच्या टायरवाल्याने चारही चाकं मशीनवर फिरवून पाहिली आणि फडक्याला हात पुसत म्हणाला, "भाऊ, चाकात काहीच नाही. बॅलन्सिंग बराबर आहे. थरथर दुसरीकडून येऊन राहिली."

रोशनने त्याची मानगूट धरली आणि त्याचं तोंड मशीनच्या लोखंडी झाकणावर आपटलं.

प्रीती गाडीतच बसली होती. काच खाली होती. टायरवाल्याच्या नाकातून रक्ताची धार लागली ती तिला दिसली. ती कोराडीतल्या एका खाजगी लॅबमध्ये लोकांच्या रक्ताचे नमुने घ्यायचं काम करायची, रक्ताचं तिला काही वाटत नसे. पण तो माणूस वयाने चांगला मोठा होता. दोन्ही हात जोडून "भाऊ, भाऊ" म्हणत तो टायरांच्या थप्पीकडे सरकत गेला, ते मात्र तिला पाहवलं नाही. रोशनने त्याच्या पोटात एक लाथ घातली, परत येऊन दरवाजा आपटला आणि गाडी सुरू केली.

"सगळे साले हरामखोर," तो म्हणाला. "आपण चांगली गाडी घेतली तर एकालेही पाहावत नाही."

प्रीतीने काच वर घेतली.

रोशन तिचा नवरा. कोळशाचे ट्रक चालवणाऱ्या एका ठेकेदाराकडे तो सुपरवायझर होता. ड्रायव्हरवर हात उचलणं त्याला कामाचाच भाग वाटे, आणि तोच हात घेऊन तो घरी येत असे. लग्नानंतर आधी जेवणाचं ताट भिरकावलं गेलं, मग एक थप्पड बसली, मग थपडांचं काही विशेष उरलं नाही. प्रीतीने माहेरी कधी शब्द काढला नाही. हे लग्न तिच्या मोठ्या भावाने, अंकुशने, स्वतः फिरून जमवलं होतं. त्याला कळलं तर तो स्वतःलाच दोष देत बसेल, हे तिला पक्कं माहीत होतं.

गाडी रोशनने दिवाळीनंतर घेतली. जुनी, सात सीटची, डिझेलवर चालणारी, उंच. याआधी दोन मालकांनी वापरलेली. घेतली तेव्हा तिच्यात एकच खोट होती: थांबलेली गाडी पुढे काढताना किंवा रिव्हर्स घेताना खालून 'खट' असा आवाज यायचा. त्यासाठी रोशनने ती कोराडीतल्या गोपाळराव मिस्त्रीकडे टाकली. तिथून गाडी आली ती नवंच दुखणं घेऊन. साठच्या पुढे काटा गेला की तळापासून सगळी गाडी थरथरायची आणि एक घुमणारा, जड आवाज कानात भरायचा.

त्या आवाजाने रोशन वेडापिसा व्हायचा. दात आवळून तो आणखी अॅक्सिलरेटर दाबायचा, आवाज कुठून येतो ते ऐकायचा, आणि त्या वेळी जो बोलेल त्याचं काही खरं नसायचं. एकदा कामठीकडून येताना प्रीती चुकून म्हणाली, "थोडी हळू चालवा ना." रस्त्यावरची नजर न हलवता त्याने डावा हात उलटा फिरवला. तो तिच्या उजव्या कानावर बसला. पुढे कितीतरी दिवस त्या कानात शिट्टी वाजत राहिली. डॉक्टरांनी दिवा लावून पाहिलं आणि पडदा फाटल्याचं सांगितलं. कसं झालं विचारलं तेव्हा ती म्हणाली, बाथरूममध्ये पाय घसरला. डॉक्टरांनी तिच्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि थेंब लिहून दिले.

टायरवाल्याच्या प्रकारानंतर कोराडीत रोशनच्या गाडीला हात लावायला कोणी तयार होईना. एक मिस्त्री बाहेरगावी निघाला, दुसऱ्याने शटर अर्धं खाली घेतलं. त्या रविवारी सकाळी रोशन चहा पिता पिता म्हणाला, "चाल, तुह्या भावाकडे नेतो गाडी. एवढा मोठा मिस्त्री म्हणवून घेते, पाहू दे त्याले. पण तिथं तोंड बंद ठेवजो. समजलं?"

"हो," प्रीती म्हणाली. तिने पूर्ण बाह्यांचा कुर्ता घातला.

अंकुशचं गॅरेज नंदनवनमध्ये होतं. पुढे पत्र्याच्या शेडमध्ये गॅरेज, मागे दोन खोल्यांचं घर. तिथे तो आणि आई भीमाबाई राहायचे. रविवारी शेड बंद असे, पण बहिणीचा फोन आला म्हणून त्याने सकाळीच झाडून, पाणी मारून ठेवलं होतं. गाडी दारात लागताच भीमाबाई पदराला हात पुसत बाहेर आली.

"जय भीम, जावईबापू! या, बसा. कूलर लावते. आज जेवूनच जाजा, वांग्याची भाजी केली." मग प्रीतीकडे वळली. "काहून वं, अशी वाळली? जेवत नाही का?"

"उन्हाळा आहे, माय," प्रीती म्हणाली.

अंकुश कमी बोलणारा माणूस होता. त्याने रोशनला नमस्कार केला, बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला आणि गाडीभोवती एक फेरी मारली. उभ्या गाडीतच इंजिन सुरू करून त्याने रेस दिली. आवाज चढला, उतरला. गाडी मात्र शांत राहिली.

"उभ्यानं काहीच नाही," तो म्हणाला. "चालवून पाहा लागते. मी चालवतो, भाऊ, तुम्ही बाजूले बसा. प्रीती, तू मागं बस. तुले रोजची सवय आहे, थरथर कुठी जास्त लागते ते सांगजो."

रोशनला ते आवडलं नाही, पण सासुरवाडीत होता म्हणून तो पुढे बसला.

दिघोरीच्या चौकातून ते बाहेरच्या रिंग रोडला लागले आणि बेसाच्या दिशेने निघाले. ऊन डांबरावर तापत होतं. अंकुश एकेक गिअर सावकाश बदलत गेला. काटा साठवर आला आणि थरथर सुरू झाली. आधी सीट, मग दरवाजे, मग डॅशबोर्डवर ठेवलेली रोशनची गॉगलची पेटी. अंकुशने स्टिअरिंगवरची पकड सैल करून पाहिली.

"स्टिअरिंग थरथरत नाही. म्हणजे पुढची चाकं नाही," तो म्हणाला. मग त्याने गिअर काढून गाडी न्यूट्रलला टाकली. इंजिनाचा आवाज एकदम खाली बसला, पण थरथर तशीच राहिली. गाडी जसजशी हळू होत गेली तसतशीच ती कमी झाली. "पाहिलं? इंजिन बसलं तरी थरथर जात नाही. इंजिन नाही, क्लच नाही. हे चाकाच्या वेगासंग येऊन राहिलं. खालचा शाफ्ट असन."

"शाफ्टचंच काम केलं होतं त्या गोपाळ्यानं," रोशन म्हणाला.

तेवढ्यात एक मोटरसायकलवाला डावीकडून पुढे आला आणि त्यांच्यासमोर वळला. अंकुशने ब्रेक दाबून त्याला वाट दिली. पण रोशनने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं, पायाशी पडलेली पाण्याची भरलेली बाटली उचलली आणि गाडी बाजूला येताच त्या माणसाच्या पाठीत सणसणीत फेकली. मोटरसायकल डगमगली, रस्त्याच्या कडेच्या मुरमावर घसरली आणि माणूस तिच्याखाली आला.

अंकुशने गाडी थांबवली.

"चालव बे," रोशन म्हणाला. "मेला नाही तो."

अंकुशने आरशात पाहिलं. माणूस उठून बसला होता, कोपर धरून. कोणी दोघे त्याच्याकडे धावत होते. अंकुशने गाडी पुन्हा काढली. आता त्याची मान ताठ झाली होती. थोडं पुढे गेल्यावर त्याने मागे न पाहता विचारलं, "प्रीती, थरथर कुठी जास्त आहे?"

उत्तर आलं नाही. त्याने पुन्हा विचारलं. प्रीतीने मान वळवून डावा कान पुढे केला. "काय म्हणतं, दादा?"

"थरथर. कुठी जास्त लागते?"

ती खाली वाकली, तळावर हात ठेवला. "इथं, माह्या पायाखाली. मागं कमी आहे."

"बीचमध्ये," अंकुश म्हणाला. मग आरशातून तिच्याकडे पाहत त्याने विचारलं, "कानाले काय झालं वं?"

"मैल जमला आहे तिच्या कानात," रोशनने उत्तर दिलं.

येताना अंकुशने गाडी साठच्या पुढे नेलीच नाही.

शेडमध्ये आल्यावर गाडी खड्ड्यावर घेतली. जमिनीत माणूस उभा राहील एवढा लांबट खड्डा, त्यात उतरायला एका टोकाला पायऱ्या. अंकुशने हॅन्डब्रेक ओढला आणि चारही चाकांना दगड लावले. खाली जाऊन त्याने शाफ्ट दोन्ही हातांनी धरून मागेपुढे फिरवला. इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणारा तो लांब लोखंडी दांडा, या गाडीत दोन तुकड्यांचा. प्रत्येक वेळी जोडावर 'खट' वाजलं.

"जोडातला क्रॉस गेला आहे," खालून त्याचा आवाज आला. "खटखट त्याची. पण त्यानं एवढी थरथर येत नाही." मग पाना फिरण्याचा आवाज झाला, एकेक बोल्ट डब्यात पडला, आणि शाफ्ट खाली घेऊन तो कितीतरी वेळ उलटसुलट करून पाहत राहिला. भीमाबाईने चहा आणला. रोशनने घेतला नाही. तो खड्ड्याच्या काठावर येरझाऱ्या घालत होता.

"भाऊ, हे पाहा," अंकुश म्हणाला. त्याने शाफ्टचे दोन्ही तुकडे काठावर टेकवले. "हा तुकडा याच्यात दात्यांवर सरकून बसते. इकडची पकड आणि तिकडची पकड एका रेषेत पाहिजे. कंपनीची खूण पण आहे, दिसते का? खुणेसमोर खूण. इथं दाते हुकले आहे. दोन पकडी वाकड्यातिकड्या बसल्या. मंग जोर्‍यात फिरला की शाफ्ट झटके मारन नाही तर काय."

"म्हणजे मुद्दाम केलं त्यानं."

"मुद्दाम कोणी करत नाही, भाऊ. खूण डोळ्यासमोर असते. ज्यानं बसवला त्याचं ध्यान ठिकाणावर नव्हतं."

"ध्यान?" रोशनचा आवाज चढला. "त्या गोपाळ्याचे मी हातपाय तोडतो. आत्ता. तुही स्कूटर दे. पाहतो कसा जिवंत राहते तो." त्याने टेबलावरचा सगळ्यात मोठा पाना उचलला आणि स्कूटरची चावी शोधायला खिळ्यांवर हात फिरवू लागला.

प्रीती दारापाशी उभी होती. गोपाळराव तिच्या डोळ्यांसमोर आला. तो चाळिशीचा चष्मा कपाळावर ढकलून काम करणारा, सगळ्यांना 'बाप्पा' म्हणणारा माणूस.

"त्यानं मुद्दाम नाही केलं," ती म्हणाली.

रोशन वळला.

"मी होती तिथं," ती भावाकडे पाहत बोलू लागली, आणि एकदा सुरू झाल्यावर तिला थांबता येईना. "दादा, शाफ्ट खाली काढून ठेवला होता. हे आले आणि म्हणे आत्ताच्या आत्ता गाडी पाहिजे. तो म्हणे, बाप्पा, क्रॉस यायचा आहे, उद्या देतो. तर यायनं त्याले जमिनीवर पाडलं. लाता मारल्या. त्याच्या बोटांवर बूट ठेवून उभे राहिले. बोट मोडल्याचा आवाज मी ऐकला, तेव्हा माहे दोन्ही कान चांगले होते. मंग म्हणे, आता लाव. तो रडून राहिला होता, दादा. हातातून रक्त गळून राहिलं होतं. त्याच हातानं त्यानं शाफ्ट बसवला. हे डोक्यावर उभे होते. त्याले कुठली खूण दिसते?"

अंकुश खड्ड्यात उभा राहून तिच्याकडे पाहत होता. "तेव्हा कान चांगले होते," तो हळूच म्हणाला.

रोशन दोन पावलांत तिच्यापर्यंत पोचला. पहिली थप्पड त्याच उजव्या कानावर बसली. दुसऱ्या वेळी त्याने तिचे केस धरून तिला टेबलाकडे भिरकावलं. टेबलाला बसवलेल्या लोखंडी शिकंज्यावर तिची भुवई आदळली आणि ती खाली पडली. डोळ्यात काही गरम उतरलं. आईची किंकाळी तिला फक्त एका बाजूने ऐकू आली.

"सोड तिले!" शाफ्टचा तुकडा खाली टाकून अंकुश पायऱ्या चढत वर आला. त्याचं डोकं जमिनीच्या वर येताच रोशनने धावत जाऊन त्याच्या जबड्यावर बुटाची लाथ मारली. अंकुश पाठीवर खड्ड्यात कोसळला, त्याच शाफ्टच्या तुकड्यावर. त्याचा श्वास सुटल्याचा आवाज झाला. भीमाबाई मध्ये आली तिला रोशनने छातीवर हात मारून ढकललं. ती भिंतीला जाऊन लागली, सावरली आणि पळत रस्त्यावर गेली. "धावा गा! माह्या लेकराले मारून टाकते! धावा!"

रोशन हातात पाना घेऊन खड्ड्यात उतरला.

खड्डा अरुंद होता, पूर्ण हात उगारायला जागा नव्हती. तो वाकून, बाजूने, खालून मारत होता. पहिला फटका अंकुशने हातावर घेतला, दुसरा बरगडीवर बसला. अंकुशने त्याच्या पायांना मिठी मारली. रोशनने पान्याचं टोक त्याच्या खांद्यात खुपसलं आणि पुन्हा मारलं. दोघांच्या डोक्यांवर गाडीचा काळा तळ होता. त्यातून तेलाचे थेंब पडत होते.

प्रीती उठली. डावा डोळा रक्ताने मिटला होता. तिने कुर्त्याच्या बाहीने तो पुसला. भिंतीला टॉमी टेकवलेली होती. टायर उचकटायची ती लांब, जाड सळई तिने लहानपणापासून भावाच्या हातात पाहिली होती, स्वतः कधी उचलली नव्हती. ती जड होती. पायऱ्यांच्या वर उभं राहून तिने खाली पाहिलं. रोशनची पाठ तिच्याकडे होती. पाना धरलेला हात वर आला.

तिने दोन्ही हातांनी टॉमी मारली. ती त्याच्या कोपराच्या खाली बसली आणि हात नको त्या जागी वाकला. पाना खाली पडला. रोशन ओरडत वळला, त्याच्या तोंडावर राग कमी आणि नवल जास्त होतं. डाव्या हाताने तो तिचा पाय धरायला आला. तिने पुन्हा मारलं. या वेळी खांद्याजवळ, गळ्याच्या हाडावर. तो गुडघ्यांवर बसला.

तिसऱ्या वेळी टॉमी तिच्या डोक्याच्या वर गेली. खाली त्याचं डोकं होतं, भांग पाडलेलं, घामाने चिकटलेलं. तो वर पाहत होता आणि हसल्यासारखं काही करत होता.

"मार," तो म्हणाला. "मार ना. तुह्यात दम आहे का?"

"प्रीती!" अंकुशचा आवाज त्याच्या मागून, जमिनीवरून आला. "बस. बस झालं. इकडं पाहा. मी जिता आहे."

तिला मारायचं होतं. हे तिने नंतरही कोणापासून लपवलं नाही. पण भावाने हाक मारली होती आणि त्याला उठवणारं तिथे दुसरं कोणी नव्हतं. तिने टॉमी मागे फेकली.

तेवढ्यात रोशन तिच्या बाजूने वर चढला, लटकणारा हात पोटाशी धरून. तो गाडीत घुसला. डाव्या हाताने आडवा वळून त्याने चावी फिरवली. इंजिन धडधडलं. त्याने गिअर टाकला, क्लच सोडला, अॅक्सिलरेटर दाबला. गाडी जागची हलली नाही. त्याने आणखी दाबला. इंजिन किंचाळायला लागलं, शेड काळ्या धुराने भरून गेली, आणि तो स्टिअरिंगवर कपाळ आपटत शिव्या देत राहिला, गाडीला, बायकोला, गोपाळरावाला. मध्ये शाफ्टच नव्हता. इंजिनाची ताकद चाकांपर्यंत न्यायला काहीच उरलेलं नव्हतं.

प्रीती धुरात खड्ड्यात उतरली, अंकुशला काखेत हात घालून उभं केलं आणि एकेक पायरी करत वर आणलं. तोवर गल्लीतली माणसं आत आली होती. त्यांनी रोशनला दरवाजातून ओढून बाहेर काढलं. एकदोघांनी त्याला मारायला सुरुवात केली. भीमाबाईच आडवी आली. "नका मारू गा. पोलीस येऊन राहिले. येऊ द्या."

पुढचे दिवस दवाखाना आणि पोलीस ठाण्यात गेले. अंकुशच्या तीन बरगड्या मोडल्या होत्या, जबड्याला तार घातली. प्रीतीच्या भुवईला टाके पडले. रोशनचा हात आणि गळ्याचं हाड, दोन्ही मोडली होती. त्याने दवाखान्यातल्या खाटेवरूनच तक्रार दिली: बायकोने आणि मेहुण्याने कट करून गॅरेजमध्ये बोलावलं आणि जिवे मारायचा प्रयत्न केला. त्याची आई ठाण्यात आली. बरोबर त्याची धाकटी बहीण काजल होती. कॉलेज संपवून घरीच बसलेली, खाली मान घालून चालणारी मुलगी. प्रीती लग्न होऊन गेली तेव्हापासून ती त्याच घरात होती. तिने सगळं पाहिलेलं होतं. हवालदाराने विचारलं, भाऊ वहिनीला मारायचा का? काजल म्हणाली, "मले माहीत नाही. मी कधी पाहिलं नाही." प्रीती समोरच्या बाकावर बसून हे ऐकत होती. काजलने तिच्याकडे पाहिलं नाही.

गोपाळरावाकडे प्रीती स्वतः गेली. त्याचं बोट वाकडंच जुळलं होतं. त्याच्या बायकोने आधी दार उघडलं नाही. मग तो स्वतः बाहेर आला, तिच्या भुवईकडे पाहिलं आणि म्हणाला, "त्या दिवशी तू गाडीत बसून रडून राहिली होती, बाप्पा. मी पाहिलं होतं. लिहून देतो मी काय झालं ते. अजून काय तोडन तो माहं?" टायरवाला मात्र आला नाही. ज्याची मोटरसायकल घसरली होती तो कोण, हे कोणाला कळलंच नाही.

दोन खटले उभे राहिले, एक रोशनवर, एक प्रीती-अंकुशवर; तिघेही जामिनावर सुटले. वकील म्हणाला, वर्षं लागतील.

जबड्याची तार निघाली त्या आठवड्यात अंकुशने नवा क्रॉस आणून शाफ्ट बसवायला घेतला. वाकताना त्याला अजून दुखत होतं, बोल्ट आवळायला शेजारच्या गॅरेजवाल्याने हात लावला. भीमाबाई खवळली. "काहून नीट करून देतं त्याची गाडी? भंगारात घाल!"

"त्याची आहे म्हून काय, माय," अंकुश अजून आखडलेल्या जबड्याने बोलला. "उद्या हा शाफ्ट रस्त्यावर गळला तर मरन कोण? रस्त्यावरचा कोणी तरी."

त्यानंतर निरोप पाठवला, गाडी घेऊन जा.

न्यायला काजल आली. सोबत ठेकेदाराकडचा एक ड्रायव्हर होता. ऊन कलतीला आलं होतं. प्रीती ओट्यावर बसून तूर निवडत होती. तिने उठून चावी आणून ड्रायव्हरच्या हातात दिली. ड्रायव्हर गाडी मागे घेऊ लागला तरी काजल शेडच्या दारातच उभी राहिली. पाठीवर बॅग होती.

"बस ना गाडीत," प्रीती म्हणाली.

"वहिनी," काजल म्हणाली आणि ओढणीचं टोक बोटांना गुंडाळत राहिली. "मी ठाण्यात खोटं बोलली."

"माहीत आहे मले."

"दादाचा एक हात प्लास्टरमध्ये आहे." तिने गळ्यावरची ओढणी बाजूला केली. मानेवर, दोन्ही बाजूंना, बोटांचे निळे वळ होते. "दुसरा मोकळा आहे ना. तू गेली तर मीच उरली घरात. आई म्हणते, सहन कर, त्याचं डोकं गरम आहे."

ओट्यावरून भीमाबाईने ते पाहिलं आणि तोंड फिरवून आत गेली. प्रीतीला वाटलं, ती रागावली. ठाण्यात आपल्या मुलीला खोटं पाडणारी ही मुलगी. स्वतः प्रीतीच्याही मनात तो राग होता. गेल्या कितीतरी सकाळी ती तो राग घेऊनच उठली होती. तिने काजलच्या मानेकडे पुन्हा पाहिलं. हे वळ किती दिवसांत पिवळे होतील, कधी जातील, हे तिला पाहताच कळत होतं.

"ड्रायव्हर काय सांगन घरी?" तिने विचारलं.

"सांगू दे काही."

आतून भीमाबाईचा आवाज आला. "प्रीते, त्या पोरीले आत आण. बाहेर काहून उभी ठेवली? आणि तिले विचार, भात खाते का पोळी."

गाडी गल्लीच्या वळणावर जाऊन थांबली होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. अंकुश हळूहळू चालत तिथवर गेला, खिडकीत वाकून त्याला काही बोलला, आणि गाडी निघून गेली.

प्रीतीने काजलच्या पाठीवरची बॅग काढून घेतली. "उद्या माह्यासंग ठाण्यात येशीन?"

काजलने मान हलवली. मग तिला वाटलं असावं की नुसती मान पुरे नाही. "येईन," ती म्हणाली. "सगळं सांगीन."

"आधी जेव," प्रीती म्हणाली आणि तिला आत घेऊन गेली.